ह्यूस्टन ते न्यू ऑर्लिन्स गाडीने, आई-बाबा सोबत, आणि सगळ्यांची एकच भीती : बंदुका

कावेरी_एम
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज धागा काढायची वेळ आलीच. ऑक्टोबरच्या शेवटी अमेरिकेला जातोय, मी आणि नवरा जर्मनीतून आणि आई-बाबा भारतातून थेट ह्यूस्टनला भावाकडे. थोडे दिवस त्याच्याकडे राहून मग गाडी भाड्याने घेऊन आय-१० महामार्ग धरायचा, लाफायेत, बॅटन रूज करत न्यू ऑर्लिन्स असा बेत आहे. तिकिटं झाली, व्हिसे झाले आणि आता बाबांनी फोनवर सुरू केलंय की तिकडे म्हणे कोणीही कुणालाही गोळी घालतं, आपण मॉलबिल काही नको, घरीच बसू.

मी हसण्यावारी नेलं असतं पण ऑफिसातही तेच. टीममधली जर्मन मैत्रीण म्हणते कामाला पाठवलं तर जाईन, सुट्टीला स्वतःच्या पैशाने जाणार नाही, तिने तिच्या परराष्ट्र खात्याचं पान उघडून दाखवलं, त्यात सरळ आहे की अमेरिकेत शस्त्रं हाताशी येणं सोपं आहे, अंदाधुंद गोळीबाराचे प्रकार होतात. आणि शेजारच्या डेस्कवरचा ब्राझिलियन रेसिफेचा, तो म्हणतो ह्यूस्टनला मी आयुष्यात पहिल्यांदा रात्री सिग्नलला काच खाली करून निवांत थांबलो! शहर एकच, आणि दोघं इतकं वेगळं बोलतात की मला कळेना कोणाचं धरावं. तिथे राहिलेले, फिरलेले, दुसऱ्या देशात राहणारे, सगळ्यांनी लिहा प्लीज. नुसतं "काळजी घ्या" नको, ते बाबा रोज सांगतायत.

बाबुराव_बे_एरिया
काही होत नाही हो. वीसेक वर्षं झाली इकडे येऊन, पोलिसांच्या कमरेची सोडली तर बंदूक डोळ्यांनी पाहिलेली नाही. बाबांचं व्हॉट्सअ‍ॅप काढून घ्या, निम्मी भीती तिथेच जाईल (हलके घ्या). न्यू ऑर्लिन्सला जाताय ना, मग बेन्ये (तिकडचा तळलेला गोड पाव) खा आणि मजा करा.

रानजाई
बाबुराव, तुम्ही कॅलिफोर्नियात कुठल्यातरी बऱ्या गल्लीत राहून टेक्सास-लुईझियानाबद्दल सर्टिफिकेट देताय. ३ ऑगस्ट २०१९, एल पासोचं वॉलमार्ट, शनिवारची सकाळ, शाळा सुरू होण्याआधीची खरेदी चाललेली. २३ माणसं गेली, त्यातले ८ मेक्सिकन नागरिक, सीमेपलीकडच्या हुआरेसहून लोक नेहमीच खरेदीला येतात तिथे. ६ मे २०२३, डॅलसजवळ अ‍ॅलनचं आउटलेट मॉल, ८ गेले, त्यात आपल्याकडची एक तरुण इंजिनिअर. २०१७ ला कॅन्ससमध्ये ओलेथच्या बारमध्ये जे झालं ते तर इथे सगळ्यांना आठवत असेलच, दोन भारतीय इंजिनिअर काम संपवून बसलेले, एक गेला, एक जखमी, आणि मध्ये पडलेला अमेरिकन माणूसही जखमी. मारणारा त्यांना आधी देश सोडून जा म्हणून ओरडला होता.

एल पासो आणि ओलेथ, दोन्हीकडे परकी दिसणारी माणसं शोधून मारली. म्हणून परक्या माणसाच्या मनात दोन प्रश्न असतात, इथे गोळीबार होईल का, आणि झाला तर मी दिसतो कसा. गोऱ्या जर्मन मैत्रिणीला दुसरा प्रश्न पडत नाही, आपल्याला पडतो. तो पडतो म्हणून कुणी घाबरट ठरत नाही.

बाबुराव_बे_एरिया
मी सर्टिफिकेट दिलं नाही ताई, माझा अनुभव सांगितला. ओलेथ विसरलेलो नाही, त्या आठवड्यात आम्ही मित्र बाहेर जेवायला गेलो तर मराठी बोलताना आपोआप आवाज खाली जायचा. पण आयुष्यभर तसं नाही ना राहता येत.

तर्कटी
आकडे देतो, मग भांडा. सीडीसीचा (अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था) २०२३ चा आकडा : अमेरिकेत बंदुकीने सुमारे ४६,७०० मृत्यू. हा आकडा ऐकला की डोळ्यापुढे मॉल येतो, पण यातल्या सुमारे ५८ टक्के आत्महत्या आहेत. खून साधारण १७,९००, त्यातही मोठा भाग ओळखीतला, घरातला, टोळ्यांमधला, ठराविक वस्त्यांतल्या ठराविक चौकांत. ज्याला आपण मास शूटिंग म्हणतो त्यात मरणारे एकूण संख्येत अगदी थोडे. त्याच वर्षी तिथे रस्त्यावर ४०,००० च्या वर माणसं गेली. म्हणजे कावेरीताई, तुमच्या बेतातला सगळ्यात धोक्याचा भाग आय-१० वर ड्रायव्हिंग हा आहे, आणि त्याबद्दल बाबांनी एक अक्षर काढलेलं दिसत नाही.

ब्राझिलियन मित्राचं पण यात बसतं. खुनाचं प्रमाण २०२३ मध्ये अमेरिकेत लाखामागे सहाच्या आसपास, दक्षिण आफ्रिकेत चाळीसच्या वर, जपानमध्ये एकाच्याही खूप खाली. जपानी माणसाला ह्यूस्टन रणांगण वाटणार आणि रेसिफेवाल्याला सॅनिटोरियम. दोघंही आपापल्या ठिकाणी बरोबर.

रानजाई
आत्महत्या वजा केल्यावर उरलेले १७,९०० कमी वाटतात का तुम्हाला? आणि ठराविक चौक म्हणता, पण बाहेरून आलेल्याला तो चौक कुठला हे माहीत असतं का? स्थानिक माणूस एक एक्झिट चुकला की त्याला कळतं, आपल्याला जीपीएस नेईल तिकडे आपण जातो.

तर्कटी
हा मुद्दा मान्य. सरासरी ही राहणाऱ्याची असते, पाहुण्याची नाही. पाहुणा एकतर सगळ्यात सुरक्षित भागात असतो नाहीतर एकदम चुकीच्या.

जुना_भिडू
एक्झिट चुकण्यावरून आठवलं, नव्या पोरांना माहीत नसेल. १९९२-९३ मध्ये फ्लोरिडात वर्षभरात नऊएक परदेशी पर्यटक मारले गेले. भाड्याच्या गाड्यांच्या नंबरप्लेटी वाय किंवा झेडने सुरू व्हायच्या, वर कंपनीचं स्टिकर, म्हणजे चोराला लांबूनच कळायचं की आत पर्यटक आहे, रोकड आहे, रस्ता माहीत नाही आणि कोर्टात साक्ष द्यायला हा काही परत येणार नाही. मियामी विमानतळावरून निघालेल्या गाडीला मागून मुद्दाम ठोकायचे, माणूस बघायला उतरला की लुटायचे. दोन जर्मन पर्यटक त्या वर्षी मियामीतच गेले, एक बाई एप्रिलमध्ये आणि एक जण सप्टेंबरमध्ये. त्यानंतर काहीच दिवसांत माँटिसेलोजवळ हायवेच्या रेस्ट एरियात झोपलेल्या ब्रिटिश जोडप्यावर हल्ला झाला, पुरुष गेला. तो हायवे म्हणजे तुमचा आय-१०च, फक्त पुढे फ्लोरिडातला.

मग युरोपात जी बोंब झाली त्याने राज्य हादरलं. जाहिराती काही काळ बंद ठेवल्या, रेस्ट एरियात रात्रीचे पहारेकरी आले, भाड्याच्या गाड्यांवरची ती खूण काढायला लावली. म्हणजे परक्या लोकांची भीती अगदीच फुकट जात नाही, पर्यटनाचा पैसा अडला की सरकारं हलतात. तुमच्या मैत्रिणीच्या परराष्ट्र खात्याच्या पानाला हसू नका.

मागून कुणी हळूच ठोकलं आणि जागा सुनसान असेल तर तिथे उतरायचं नाही, दिवे असलेल्या पेट्रोलपंपापर्यंत जायचं आणि ९११ (तिकडचा आणीबाणीचा नंबर) लावायचा, हे तेव्हापासून सांगतात आणि अजून लागू आहे.

ऑसी_मामा
मेलबर्नहून. आमच्याकडे हा विषय निघाला की १९९६ आधी आणि १९९६ नंतर असंच बोलतात. २८ एप्रिलला टास्मानियात पोर्ट आर्थरला, म्हणजे पर्यटनस्थळीच, ३५ माणसं मारली गेली, आणि काही दिवसांत सगळ्या राज्यांनी मिळून कायदा आवळला, साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका सरकारने विकत घेऊन वितळवल्या. त्यामुळे इथल्या माणसाला अमेरिका कळतच नाही, की तुम्हाला दिसतंय तरी तुम्ही काही करत का नाही. २०१३ ला ओक्लाहोमात डंकन गावी आमचा एक कॉलेज बेसबॉलपटू जॉगिंग करताना मागून गोळी घालून मारला तेव्हा माजी उपपंतप्रधान टिम फिशर उघड म्हणाले की ऑस्ट्रेलियन लोकांनी अमेरिकेला जाण्याआधी दोनदा विचार करावा. फिशरच १९९६ च्या कायद्यात पुढे होते, त्यामुळे ते बोलणं इथे लोकांना वायफळ वाटलं नाही.

आमच्या सरकारची स्मार्टट्रॅव्हलर साईट तर सांगते की अमेरिकेत राहणार असाल तर गोळीबाराच्या वेळी काय करायचं त्याचा सराव करून ठेवा. हे वाचून माझी बायको म्हणाली मग जायचंच कशाला. गेलो. तीन आठवडे मस्त फिरलो. पण सिनेमाला गेलो तेव्हा दोघांनीही न बोलता आधी बाहेर पडायचे दरवाजे बघितले, इथे कधी बघत नाही.

चष्मेबहाद्दर
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आता कोणीतरी येऊन म्हणणार की बंदुका माणसं मारत नाहीत, माणसं माणसांना मारतात.

बाबुराव_बे_एरिया
नाही म्हणणार. पण अमेरिकनांनाही बाहेर जाताना हेच होतं हे लिहितो. ऑफिसातली माणसं मेक्सिकोला लग्नाला जायचं म्हटलं की स्टेट डिपार्टमेंटचा नकाशा काढतात. सिनालोआ, तामौलिपास वगैरे राज्यं लेव्हल चार म्हणजे जाऊच नका, आणि युकातान लेव्हल एक, पण घरच्यांना फक्त मेक्सिको ऐकू येतं. यातले काही जण शिकागोच्या दक्षिण भागाजवळ वाढलेले, तिथल्या गोळ्यांचा आवाज ओळखणारे. पॅरिसला जाऊन आलेला एक जण सांगत होता आयफेलखाली सैनिक मोठ्या रायफली घेऊन फिरतात ते बघून कसंतरी झालं. घरी टेक्सासात भावाकडे एआर-१५ रायफल आहे त्याच्या!

ओळखीची बंदूक दिसत नाही माणसाला, अनोळखी दिसते.

टेक्सासची_सून
अखेर माझ्या माहेरचा, सॉरी सासरचा विषय निघाला. कावेरी, मी ह्यूस्टनपासून तासाभरावर राहते त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, वाचायचा कंटाळा आला तर सोडून दे.

पहिलं म्हणजे बंदूक दिसेल का? कदाचित दिसेल. टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून, लुईझियानात ४ जुलै २०२४ पासून साध्या माणसाला परवान्याशिवाय बाळगता येते. प्यू या संशोधन संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत देशातले जवळपास एक तृतीयांश प्रौढ म्हणाले स्वतःकडे बंदूक आहे, आणि आमच्याकडे त्याहून जास्तच असणार असा माझा अंदाज. पण बहुतेकांची शर्टाखाली किंवा गाडीत असते. दुकानांच्या, दवाखान्यांच्या दारावर ३०.०६, ३०.०७ असे नंबर लिहिलेल्या पाट्या दिसतील, एक लपवून नेण्याविरुद्ध आणि एक उघड नेण्याविरुद्ध, बारच्या दारात लाल ५१% लिहिलेली पाटी, म्हणजे इथे निम्म्याहून जास्त कमाई दारूवर, बंदूक आणायची नाही. मी नवीन होते तेव्हा ५१% बघून मला वाटलं सेल लागलाय. बाबांना या पाट्या आधी समजावून सांग, नाहीतर दारात उभं राहून वाचतील आणि आत यायचे नाहीत.

भीती वाटते का? मला मॉलमध्ये नाही वाटत. मला वाटते ती रस्त्यावरच्या भांडणाची. कोणी आडवा आला, हॉर्न मारला, बोट दाखवलं, तर इथे उलट काही करायचं नाही. नवऱ्याला सांगून ठेव, आपण लोक हॉर्न वाजवतो तो सहज, समोरच्याच्या मांडीशेजारी काय आहे माहीत नसतं. ह्यूस्टनमध्ये रस्त्यावरच्या रागातून गोळीबाराच्या बातम्या वरचेवर येतात. हे इथल्या इथे शिकतो आपण आणि मग इतकं अंगवळणी पडतं की मुद्दाम सांगावंसं वाटत नाही, म्हणून बाबुरावांसारखे लोक म्हणतात काही होत नाही. होत नाही कारण तुम्ही नकळत शंभर गोष्टी पाळताय!

दुसरं, पोलिसांनी थांबवलं तर. बऱ्याच देशांत ड्रायव्हर उतरून पोलिसाकडे चालत जातो, ती सभ्यता समजतात. इथे उतरायचं नाही म्हणजे नाही. गाडी कडेला, इंजिन बंद, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे, रात्र असेल तर आतला दिवा लावायचा. कागदपत्रं ग्लव्ह बॉक्समध्ये असतील तर आधी सांगायचं की तिथे आहेत, काढू का, आणि हो म्हटल्यावरच हात न्यायचा. मागच्या सीटवरून आईने "अहो त्यांना सांगा ना" करत पर्समध्ये हात घालायचा नाही. हे हसून सांगतेय पण एकदा प्रॅक्टिस करा खरंच. पोलिसालाही ती भीती असतेच, त्याला प्रत्येक गाडीत बंदूक असू शकते हे धरूनच यावं लागतं.

तर्कटी
टेक्सासची_सून यांना दंडवत. हा प्रतिसाद वेगळा लेख करून टाका.

निप्पॉन_नाना
बॅटन रूज वाचून थबकलो. ऑक्टोबरचा शेवट आणि बॅटन रूज, जपानमध्ये हे दोन शब्द एकत्र आले की एका पिढीला एकच गोष्ट आठवते. १७ ऑक्टोबर १९९२, नागोयाचा १६ वर्षांचा मुलगा, योशिहिरो हत्तोरी, एक्स्चेंज विद्यार्थी म्हणून गेलेला. हॅलोविन पार्टीला निघाला, यजमान घरच्या मुलासोबत, आणि पत्ता चुकून काही घरं अलीकडे बेल वाजवली. आतल्या बाईने घाबरून दार लावून नवऱ्याला बंदूक आणायला सांगितलं. मुलगा पार्टीच्या कपड्यांत, त्याला वाटलं हेच घर, हसत पुढे आला आणि छातीत गोळी लागली. ज्युरीने घरमालकाला निर्दोष सोडलं, घराचं रक्षण करणारा साधा माणूस म्हणून. पुढे दिवाणी दाव्यात आईवडिलांच्या बाजूने निकाल लागला. त्या दोघांनी १७ लाखांवर सह्या गोळा केल्या आणि १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटनना भेटून दिल्या.

मी इथे आलो तेव्हा कंपनीतले वरिष्ठ अमेरिकेला पोस्टिंग झालेल्या पोरांना अजून हीच गोष्ट सांगायचे. जपानी माणसाला बंदुकीपेक्षा त्या निकालाने जास्त धक्का बसला, की दार वाजवलं म्हणून मारलं आणि ते चालतं? इथे बंदूक इतकी दुर्मीळ की २०२२ मध्ये माजी पंतप्रधान आबेंना मारणाऱ्याने ती घरी पाइप जोडून बनवली होती.

आणि हे जुनं झालं असं नाही. एप्रिल २०२३ चा एकच आठवडा आठवा. कॅन्सस सिटीत भावंडांना आणायला गेलेल्या १६ वर्षांच्या मुलाने चुकीच्या घराची बेल वाजवली, त्याच्या डोक्यात गोळी, तो वाचला. न्यूयॉर्क राज्यात हेब्रनला २० वर्षांची मुलगी, मित्रांची गाडी चुकीच्या घराच्या ड्राइव्हवेत शिरून परत वळत होती, ती गेली. टेक्सासात एल्जिनला चिअरलीडर मुलगी पार्किंगमध्ये चुकून दुसऱ्याच गाडीचं दार उघडून बसायला गेली, तिच्यावर आणि मैत्रिणीवर गोळ्या.

रानजाई
बापरे, तिन्ही एका आठवड्यात हे लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे तर्कटींच्या आकड्यांत जे खून ओळखीतले, टोळीतले आहेत ते आपल्याला लागू नाहीत, पण हे लागू आहेत. पाहुणाच पत्ता चुकतो ना.

जुना_भिडू
अगदी. बाहेरच्या माणसाने अमेरिकेत गर्दीला घाबरू नये, दाराला घाबरावं. गर्दीची जागा सार्वजनिक आहे, तिथे तुम्ही असणं कुणाला खटकत नाही. दार, अंगण, ड्राइव्हवे, पार्किंगमधली दुसऱ्याची गाडी, ही खाजगी, आणि तिथे आपण कोण हे सिद्ध करायची संधी मिळेलच असं नाही. आपल्यासारख्यांना हे उलटं वाटतं, वस्ती म्हणजे सुरक्षित आणि मॉल म्हणजे धोका.

२०१५ ची अलाबामातली घटना आठवते का? मॅडिसन नावाच्या गावी मुलाकडे नुकतेच आलेले गुजराती आजोबा सकाळी गल्लीत फिरत होते, कुणी शेजाऱ्याने फोन केला की अनोळखी माणूस घरांकडे बघत फिरतोय, पोलीस आले, आजोबांना इंग्रजी येईना, खाली आपटलं, मणक्याला इजा. बंदूक निघालीच नव्हती. पण आई-बाबा येणार म्हटल्यावर मला पहिलं तेच आठवतं.

कावेरी_एम
बाप रे, किती लिहिलंत सगळ्यांनी. सकाळपासून वाचतेय. आजोबांची घटना मी भावाला पाठवली, तो म्हणाला त्याच्या गल्लीत पंजाबी, चिनी, नायजेरियन सगळे आहेत, आजीआजोबा पहाटेपासून फिरतच असतात. तरी पहिल्या दिवशी दोघांना घेऊन शेजारपाजारी ओळख करून देणार आहे आणि बाबांच्या खिशात पत्त्याची आणि त्याच्या फोनची चिठ्ठी. बाबांना फुलं दिसली की दुसऱ्याच्या अंगणात जाऊन वास घ्यायची सवय आहे, ती कशी मोडायची देव जाणे.

एक शंका, नवऱ्याला शूटिंग रेंजवर जायचंय. भाऊ म्हणतो सगळे जातात. आमच्याकडे भारतीय पासपोर्ट, टुरिस्ट व्हिसा. चालतं का?

चष्मेबहाद्दर
जाऊ द्या की, वेगासला तर पर्यटकांसाठी मशीनगनची पॅकेजं असतात.

कायद्याचं_बोला
थांबा थांबा. नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला, म्हणजे टुरिस्ट, विद्यार्थी, एच-१बी सगळे, फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगायला मनाई आहे. अपवाद थोडे, त्यातला सामान्य माणसाला लागू पडणारा म्हणजे वैध शिकारीचा परवाना. गंमत अशी की व्हिसाशिवाय, म्हणजे व्हिसा वेव्हरवर येणाऱ्याला ही मनाई तशी लागत नाही, म्हणजे तुमची जर्मन मैत्रीण, जिला बंदूक बघायचीही नाही, ती रेंजवर जाऊ शकते आणि तुमचा उत्साही नवरा अडकतो. रेंजवाले फॉर्म भरून घेतात, त्यावर खरं लिहा आणि ते नाही म्हणाले तर नाही.

तिथे कोण बघतंय असं म्हणू नका. फ्लोरिडात एक विद्यार्थी, युनिव्हर्सिटीने काढून टाकल्यावर व्हिसाची मुदत संपूनही राहिला, आणि रेंजवर जाऊन गोळ्या झाडल्या, एवढ्यावर फेडरल गुन्हा होऊन शिक्षा झाली. ती केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, रेहाइफ विरुद्ध अमेरिका, २०१९. निकाल त्याच्या बाजूने लागला, कारण आपण बेकायदा राहतोय हे त्याला माहीत होतं हे सरकारने सिद्ध करायला हवं होतं. पण तोवरची वर्षं गेलीच ना त्याची.

आणि कृपा करून आठवण म्हणून गोळी बॅगेत टाकू नका. भारतात उतरल्यावर एका जिवंत काडतुसावरही आर्म्स अ‍ॅक्टची केस होते. अमेरिकन लोकांचं यात किती वाईट होतं ते २०२४ ला टर्क्स अँड केकोस बेटांवर दिसलं, घरी शिकारीला नेलेल्या बॅगेत काही गोळ्या राहिलेल्या, त्या परतीच्या विमानतळावर सापडल्या आणि तिथे किमान शिक्षाच १२ वर्षांची. बरीच बोंब झाल्यावर कायदा जरा सैल केला.

टेक्सासची_सून
आणि हे विसरणं आमच्याकडे नेहमीचं आहे. २०२३ मध्ये टीएसएने (विमानतळावर तपासणी करणारं सरकारी खातं) अमेरिकेतल्या विमानतळांवर हातातल्या बॅगांमधून ६,७३७ बंदुका पकडल्या, त्यातल्या ९३ टक्के भरलेल्या. बहुतेक जण म्हणतात, अय्या, राहिलीच वाटतं आत. कोणी दहशतवादी नाही काही नाही, चावी विसरतो तशी माणसं बंदूक विसरतात. मला आकड्यांपेक्षा हे जास्त घाबरवतं.

कावेरी_एम
मग रेंज रद्द, नवऱ्याचं तोंड उतरलंय. शेवटचा प्रश्न. न्यू ऑर्लिन्सला फ्रेंच क्वार्टरमध्ये हॉटेल आहे पण मधे एक रात्र लाफायेतच्या बाहेर बायूकाठी (संथ ओढ्याकाठी) एका खाजगी घरात बुक केलीये, फोटो सुंदर आहेत पण लांबलचक कच्चा ड्राइव्हवे दिसतोय आणि आजूबाजूला तीच तसली दोनतीन घरं. वरचे प्रतिसाद वाचून आता तेच टोचतंय. रद्द करू का?

टेक्सासची_सून
नको गं रद्द करू, तिकडची माणसं फार आग्रही, जेवल्याशिवाय सोडत नाहीत. फक्त अंधार पडायच्या आत पोच. यजमानाला आधी मेसेज कर की भाड्याची गाडी अमुक रंगाची, चौघं येतोय, इतक्या वाजता, आणि फाटकाचा किंवा पत्रपेटीचा फोटो मागव, नंबरसकट. खेडेगावात जीपीएस पिन शेजारच्याच्या अंगणात टाकतो हे सर्रास. नंबर जुळला नाही तर आत शिरायचंच नाही, रस्त्यावरच थांबून फोन लावायचा, हॉर्नही नको. फोनला रेंज नसेल तर मागे गावापर्यंत जायचं. आणि बाबांना गाडीतून उतरून विचारून येतो म्हणू देऊ नकोस, ते हमखास म्हणणार.

न्यू ऑर्लिन्सचं म्हणशील तर २०२२ मध्ये तिथे खून खूपच वाढले होते, अडीचशेच्या वर, २०२४ पर्यंत निम्म्याच्या आसपास आले. पर्यटकाला तिथे त्रास होतो तो गाडीच्या काचा फुटण्याचा. चोर बॅगा तर नेतातच पण लोक गाडीत बंदूक ठेवतात म्हणून ती शोधायलाही काचा फोडतात. डिकीत सुद्धा काही नको, गाडी हॉटेलच्या पार्किंगमध्ये लावा, पैसे जातील पण जाऊ देत. रात्री क्वार्टरच्या उजेडाच्या रस्त्यांवरून चाला, रॅम्पार्ट स्ट्रीटच्या पलीकडे जायचं असेल तर टॅक्सी.

३१ ला तुम्ही भावाकडे असाल तर मुलांबरोबर हॅलोविनला जरूर फिरा. ज्या घराचा ओसरीचा दिवा चालू तिथेच जायचं, बंद असेल तर पायरीही चढायची नाही. लहान पोरांनाही पाठ असतं ते, बाबांना सोबत चालताना तीच सांगतील.

जुना_भिडू
रच्याकने (बाय द वे), लाफायेत ते बॅटन रूजमध्ये अ‍ॅचाफलायाच्या दलदलीवरचा पूल अठरा मैलांचा आहे, मध्ये थांबायला जागा जवळपास नाही. पेट्रोल आधी भरा आणि आईंना विचारून घ्या. तर्कटींचा आकडा लक्षात असू द्या, तिथे ट्रक फार असतात.

कावेरी_एम
आईंना विचारून घ्या 😀 नोट केलं. बाबांना आत्ता फोनवर पोलिसांनी थांबवल्यावर काय करायचं ते सांगितलं तर म्हणाले मग मी पुढे बसतच नाही. टेक्सासची_सून, ह्यूस्टनला आलो की तुला व्यनि (खाजगी निरोप) करते.